चार नंबरची बाटली

१

साहेबांनी पाकीट उलटं धरून झटकलं, आत बोट घालून चाचपलं, खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. वरचं लाखेचं सील शाबूत होतं. खालची घडी मात्र कुणीतरी वाफेवर धरून सोडवली होती आणि पुन्हा नीट चिकटवली होती. आतली यादी नाहीशी झाली होती.

केमिस्ट दारात उभी होती. ती भिंतीला टेकली. वयाने प्रयोगशाळेत सगळ्यांत लहान, पण काल संध्याकाळपासून या इमारतीतली सगळ्यांत मोठी भीती तीच एकटी पोटात घेऊन फिरत होती.

प्रकरण असं होतं. राज्यातल्या सहा शहरांच्या नळाचं पाणी तपासून कुणाचं किती चांगलं, ते आज दुपारी चार वाजता जाहीर व्हायचं होतं. त्यातली पाच शहरं समुद्रकाठची आणि एक वर नदीकाठचं. कुणी आपल्या गावाला झुकतं माप देऊ नये म्हणून बाटल्यांवर शहराचं नाव नसे, नुसता नंबर असे. नंबरही चिठ्ठ्या काढून ठरत. कुठला नंबर कुठल्या शहराचा, याची एकच यादी नमुने आणणारा माणूस आपल्या हाताने लिही आणि ती साहेबांच्या कपाटात सीलबंद होई. सगळ्या तपासण्या संपल्यावरच पाकीट उघडायचं.

काल संध्याकाळी चार नंबरच्या बाटलीतल्या पाण्याने रंग दाखवला होता. नायट्रेटच्या तपासणीत पाणी पिवळं होतं. जितकं गडद, तितकं वाईट. चार नंबर हळदीसारखा पिवळा झाला. मर्यादेच्या चौपट नायट्रेट. ते पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड, मोठ्या माणसांना काही होत नाही. पण त्यात दूध कालवून तान्ह्या बाळाला पाजलं, तर बाळाच्या रक्ताला श्वास पेलत नाही. ओठ निळे पडतात, मग नखं, आणि मग बाळ झोपतं ते उठत नाही.

एकच नमुना दोनदा तपासल्याशिवाय काय सापडलं ते तोंडातून काढायचं नाही, नुसतं पास किंवा नापास सांगायचं, हा प्रयोगशाळेचा जुना नियम. तिने काल तो पाळला होता. 'चार नंबर नापास, सकाळी पुन्हा बघते,' एवढंच सगळ्यांना सांगितलं. आणि रात्री बहिणीचा फोन आला तेव्हाही पाळला. धाकटी बहीण बंदराच्या शहरात राहायची. तिचा मुलगा सात आठवड्यांचा, वरच्या दुधावर. बहीण हसून म्हणाली होती, "तू उगाच काळजी करतेस. मी पाणी चांगलं वीस मिनिटं उकळते."

उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि ते मागे उरतं, आणखी दाट होऊन. हे तिला ठाऊक होतं आणि ती गप्प राहिली होती.

आज सकाळी चार नंबर दुसऱ्यांदा तितकाच पिवळा झाला होता. तेव्हापासून तिने बहिणीला अकरा वेळा फोन लावला होता. रिंग वाजत होती, फोन कुणी उचलत नव्हतं.

२

पोलिसांना बोलवायला साहेब तयार होईनात. दुपारी चार वाजता अख्ख्या राज्याचे कॅमेरे दारात येणार, त्याआधी दारात पोलीस नकोत. सहाही शहरांना सरसकट सावध करा, असं केमिस्ट म्हणाली, तर त्यांनी हातच जोडले. नाव न घेता सहा शहरांचे नळ बंद केले तर लोक टँकरखाली चिरडून मरतील. शेवटी त्यांनी एकच फोन केला, आणि तासाभरात मोठ्या बाई रिक्षातून उतरल्या.

मोठ्या बाई इथल्याच आधीच्या प्रमुख. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. गुडघ्यांनी दगा दिला होता, जिभेने नव्हे. आत आल्या आल्या त्यांनी साहेबांची खुर्ची बळकावली, केमिस्टला वही घेऊन शेजारी बसवलं आणि सांगितलं की कपाटाची किल्ली तीस वर्षं दारामागच्या खिळ्यालाच लटकते आहे, तेव्हा ती कुणाकडे होती वगैरे फालतू चौकशीत वेळ घालवणार नाही. काल संध्याकाळी इमारतीत चौघं होती. चौघांनाही एकच प्रश्न विचारायचा.

"चार नंबर नापास झाला हे कळल्यावर तू पहिल्यांदा काय बोललास?"

पहिला नंबर साहेबांचा. ते कपाळाचा घाम पुसत म्हणाले की 'कुठलं शहर?' असं विचारलं, दुसरं काय विचारणार. खोदून विचारल्यावर निघालं, की त्यांचा सख्खा मोठा भाऊ बंदराच्या शहरात पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर होता. नापास झालं तर नोकरी त्याची जाणार. केमिस्टने हे वहीत लिहिलं आणि तिचा हात थबकला. बंदराचं शहर. भावासाठी यादी लपवली असेल, तर चार नंबर म्हणजे तिच्या बहिणीचाच नळ.

मग बाटल्या धुणारी मावशी आली. ती आधीच रडून मोकळी झाली होती. तिची लेक दीपगृहाच्या शहरात दिली होती. ती पण काल हेच म्हणाली होती, 'अगं बाई, कुठल्या गावचं गं?' वाफेचं पातेलं दिवसभर तिच्याच शेगडीवर असायचं. ते तिने स्वतःच सांगितलं, आणि आता आपल्याला धरून नेणार म्हणून पुन्हा डोळ्यांना पदर लावला.

तिसरे काका. नमुने आणायचं काम त्यांचं. त्यांचीही सख्खी पुतणी त्या सहांपैकीच एका शहरात दिलेली होती. स्वतःच गाडी हाकत शहरोशहरी जायचे, नळ सोडून ठेवायचे, बाटली तीनदा त्याच पाण्याने विसळून भरायचे, बुचावर आपल्या सहीची पट्टी चिकटवायचे. तीस वर्षांत एक बाटली फुटली नव्हती. साऱ्या प्रयोगशाळेत त्यांची एकच थट्टा चाले, की राज्याला नळाचं पाणी पाजणारा हा माणूस स्वतः नळाला तोंड लावत नाही. घरच्या विहिरीचं पाणी स्टीलच्या बाटलीत भरून आणायचे आणि म्हणायचे, "सगळ्यांचे नळ आतून पाहिलेत ना, म्हणून."

आज मात्र काकांना थट्टा सुचत नव्हती. डोळे खोल गेले होते. दोन महिन्यांच्या नातीला बरं नव्हतं, डॉक्टर हृदयाची तपासणी करा म्हणत होते. गेल्या आठवड्यात त्यांनी दोन दिवस रजा मागितली होती आणि साहेबांनी ती नाकारली होती.

कुठली बाटली कुठे भरली हे आठवतं का, असं बाईंनी विचारलं. काकांनी मान हलवली. तीन दिवसांत सहा शहरं, सगळ्या बाटल्या एकसारख्या. काल काय बोललात, या प्रश्नावर त्यांनी खिशातली गाडीची किल्ली काढून हातात घेतली.

"मी म्हटलं, पुन्हा आणतो. आत्ताही म्हणतो बाई. यादीच नाही तर या नमुन्यांचा काय उपयोग? सहाच्या सहा पुन्हा आणतो. आज निघतो, तीन दिवसांत परत."

बाईंनी फक्त "बरं" म्हटलं. केमिस्टला काकांची कीव आली. घरी आजारी नात, आणि हा माणूस पुन्हा तीन दिवस रस्त्यावर जायला तयार.

चौथी ती स्वतः. बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझं मला ठाऊक आहे पोरी. तू काहीच बोलली नाहीस. नियम मीच शिकवलाय तुला."

ती फोन लावायला बाहेर पळाली. बारावा फोन, नुसतीच रिंग. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला काका पाठमोरे उभे राहून हलक्या आवाजात घरी बोलत होते. "पंधरा मिनिटांनी भागायचं नाही. चांगलं अर्धा तास उकळ. काल सांगितलं ना तुला?"

सगळी घरं सारखीच, असं तिला वाटलं आणि रडू आलं.

३

परत आली तर बाईंनी सहा बाटल्या टेबलावर ओळीने मांडून घेतल्या होत्या. मावशीने सहा पेले आणून ठेवले.

"नायट्रेटशिवाय आणखी काय तपासलंयस?" बाईंनी विचारलं. जडपणा, म्हणजे पाण्यातला चुना, मोजून झाला होता, जंतूंची तपासणी चालू होती, मिठाची व्हायची होती.

बाईंनी एक नंबरच्या पेल्यातलं पाणी तोंडात घेतलं, गालांत घोळवलं आणि बेसिनमध्ये थुंकलं. साहेब घाबरून उठले. प्रयोगशाळेतला नमुना तोंडात घालायचा नाही, हा नियम तर भिंतीवरच टांगलेला होता. बाईंनी त्यांना हाताने बसायला सांगितलं. ही पद्धत कुठल्या पुस्तकात नाही, पण पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या लहानपणी समुद्राकाठचा नळ नसावा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"खारट," त्या म्हणाल्या. "किंचित. लिही."

दोन नंबर गोडा निघाला. तीन खारट. चार नंबरचा पेला बाईंनी उचलला तेव्हा केमिस्टने डोळे मिटून घेतले. थुंकण्याचा आवाज आला.

"गोड."

पाच खारट, सहा खारट. बाईंनी चूळ भरली आणि तिला मिठाची तपासणी करायला लावलं, कारण म्हातारीच्या जिभेवर कुणी कुणाला फासावर देत नाही. केमिस्टने सहा पेल्यांत चांदीच्या क्षाराचे थेंब सोडले. जिथे मीठ, तिथे पाणी दुधाळ होतं. एक, तीन, पाच आणि सहा पांढरे झाले. दोन आणि चार तसेच नितळ राहिले. जीभ एकदाही चुकली नव्हती.

"आता मोजा," बाई म्हणाल्या. "आपली समुद्राकाठची शहरं किती?"

"पाच," साहेब म्हणाले.

"पाचही शहरांच्या नळाला वर्षभर थोडं खारं पाणी येतं. समुद्र विहिरींत आणि नदीच्या तोंडात घुसतो, त्याला कुणाचा इलाज नाही. माझ्या काळची दप्तरं काढून बघा. गोडं पाणी एकाच शहराचं, नदीकाठच्या. मग खारट बाटल्या किती हव्यात?"

केमिस्टने टेबलाकडे पाहिलं. पाच हव्या होत्या. चारच होत्या.

४

खारट एक कमी, गोडी एक जास्त. म्हणजे या दोन गोड्या बाटल्यांतली एक नदीकाठच्या शहराची, आणि दुसरी कुठलीच नाही. दोन नंबर कुठला, ते बाईंनी जुन्या दप्तरातून मिनिटभरात काढलं. नदीकाठच्या पाण्याचा जडपणा वर्षानुवर्षं जितका, तितकाच दोन नंबरचा होता. चार नंबर दुप्पट जड होता. तो जमिनीच्या पोटातून आला होता, कुठल्या तरी विहिरीतून. सहापैकी एकाही शहराच्या नळातून नव्हे.

"म्हणजे बाटली इथे बदलली?" साहेबांनी विचारलं. त्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशीचा चेहरा पांढराफटक पडला.

बाईंनी केमिस्टला विचारलं की तिने चार नंबर उघडली तेव्हा बुचावरची सहीची पट्टी कशी होती. तिला स्पष्ट आठवत होतं. पट्टी अखंड होती, ती तिने स्वतः नखाने फाडली होती. "म्हणजे इथे नाही बदलली," बाई म्हणाल्या, आणि आणखी काही बोलणार तेवढ्यात केमिस्टच्या हातातला फोन वाजला.

बहीण होती. पलीकडून बहीण वैतागून म्हणत होती की फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता, ती स्वतः बाळाला मालिश करत होती, आणि एवढे फोन करायला काय झालं काय? बाळाचे ओठ कसे आहेत, असं केमिस्टने कसंबसं विचारलं. बहीण हसली. कसे म्हणजे, गुलाबी, आणि आत्ताच त्याने तिच्या अंगावर दूध काढलं होतं.

केमिस्ट तशीच स्टुलावर बसली आणि हुंदके देऊन रडली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाईंनी तिला मनसोक्त रडू दिलं. मग म्हणाल्या, "तुझी बहीण सुटली. पण हे पाणी कुणीतरी पितंय पोरी."

तिचं रडणं तिथल्या तिथे थांबलं.

५

काका खाली गाडी धूत होते. त्यांची स्टीलची बाटली नेहमीप्रमाणे चहाच्या टेबलावर होती. बाईंनी ती केमिस्टच्या हातात दिली आणि नायट्रेटची तपासणी करायला सांगितली. का, ते सांगितलं नाही, आणि तिला विचारायचंही धाडस झालं नाही.

पाणी आटवायचं, आम्ल घालायचं, मग अमोनिया. परीक्षानळी मावशीने धरली. शेवटचा थेंब पडला आणि पाणी पिवळं होत गेलं. तिने शेजारी सकाळची चार नंबरची नळी धरली. रंगात फरक सांगता येईना.

काकांना वर बोलावलं. ते हात पुसत आले आणि टेबलावर आपली उघडी बाटली पाहून दारातच थांबले. बाईंनी त्यांना बसवलं. आवाज मुळीच चढवला नाही.

बाईंनी सांगितलं ते असं. साहेबांनी विचारलं कुठलं शहर, मावशीने विचारलं कुठलं गाव. काकांच्या सख्ख्या पुतणीचं घर सहापैकी एका शहरात, तरी काकांनी एकदाही विचारलं नाही. सगळ्या इमारतीत त्या सहा शहरांसाठी न घाबरलेला माणूस एकच होता. का, तर चार नंबर त्यातल्या कुठल्याच शहराचा नाही, हे त्याला एकट्याला ठाऊक होतं. शिवाय ज्याने आजारी नातीसाठी रजा मागितली, तो तिला टाकून तीन दिवस फिरायला एका पायावर तयार होतो. यादी हरवली की सगळे नमुने रद्द, मग सहाच्या सहा पुन्हा आणता येतात. आणि जे शहर आधी चुकवलं, तेही गुपचूप भरून निघतं.

"कुठलं चुकवलंत?"

काकांनी हात पुसायचं फडकं गुडघ्यावर घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "बंदराचं. शेवटच्या दिवशी निघालोच होतो. सुनेचा फोन आला, पोर दूध ओढेना म्हणून. गाडी तशीच दवाखान्याकडे वळवली. संध्याकाळ झाली. गाडीत घरच्या पाण्याचा कॅन होता." त्यांनी समोरच्या उघड्या बाटलीला झाकण लावलं. "वाईट पाणी भरलं नाही हो बाई मी. आमच्या विहिरीसारखं पाणी नाही कुठे. म्हटलं, बंदराला पहिला नंबर मिळाला तर मिळू दे. बाटली नापास झाली कळलं तेव्हा वाटलं, कॅनमध्ये जंतू झाले असतील. पाकीट उघडलं की बंदराचे लोक म्हणणार, आमच्याकडे तर कुणी आलंच नव्हतं. तीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला अडीच महिने राहिलेत."

साहेब काही बोलायला गेले, तर बाईंनी हात वर केला. त्या केमिस्टकडे बघत होत्या. सांगायचं तिने होतं. चार नंबरमध्ये काय सापडलं, हे तिने अजून काकांना सांगितलंच नव्हतं. काल नियम होता, आज यादीच्या गोंधळात राहून गेलं होतं.

"काका," ती म्हणाली, "नातीला दूध कुठल्या पाण्यात देता?"

"घरच्याच. काल तू नापास म्हणालीस तेव्हापासून सुनेला सांगितलंय, अर्धा अर्धा तास उकळ."

"काका, ते जंतू नाहीत. नायट्रेट आहे. चौपट."

तीस वर्षं नमुने वाहिलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागलं नाही. नातीचे निळसर ओठ, हृदयाची तपासणी, आणि कालपासून तासातासाला चुलीवर आटणारं पातेलं, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकदमच उतरलं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि त्यांना बटणं दाबता येईनात. फोन केमिस्टने लावला. सुनेने उचलला आणि म्हणाली की बाळ मघापासून झोपलंय, उठवलं तरी उठत नाही, आणि पुढच्या बाटलीचं पाणी उकळायला ठेवलंय.

"ओतून दे ते," काका ओरडले. "ओत आधी. आणि उचल तिला."

६

दवाखान्यात केमिस्ट आपल्या वहीसकट डॉक्टरांसमोर उभी राहिली आणि आकडा सांगितला. डॉक्टरांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब काढला. तो लाल नव्हता, चॉकलेटी होता. हृदयाला काही झालं नव्हतं. निळ्या पडलेल्या बाळाला औषधही निळंच असतं. शाईसारखं दिसणारं इंजेक्शन त्या इवल्याशा शिरेत गेलं आणि सगळे काचेबाहेर उभे राहिले. कधी काय होईल ते सांगता येत नव्हतं. केमिस्टने आयुष्यात कुठल्याही रंगाची एवढी भीतीने वाट पाहिली नव्हती.

अर्ध्या तासाने ओठांच्या कडेला गुलाबी रेघ आली. मग नखांना. मग नात रडली, आणि सून मटकन खाली बसली.

चार वाजले होते. तिकडे साहेबांनी कॅमेऱ्यांसमोर जाहीर केलं की निकाल पुढे ढकलला आहे. कारण त्यांनी सांगितलं नाही, पण काकांचं निलंबनाचं पत्रही आज काढलं नाही, उद्यावर ठेवलं. उद्या बंदराच्या शहराचा नमुना आणायला केमिस्ट स्वतः जाणार होती. बहिणीला तिने बाटलीबंद पाणी वापरायला सांगितलं होतं. तिथल्या नळातून काय येतं हे अजून कुणालाच माहीत नव्हतं.

काका पॅसेजमधल्या बाकावर एकटे बसले होते. ती शेजारी जाऊन बसली. कालच तिने तो एक शब्द उच्चारला असता, तर ही वेळ त्या बाळावर आली नसती. हे तिने त्यांना सांगितलं. काका म्हणाले की कालच त्यांनी खरं सांगितलं असतं तरी आली नसती.

काकांच्या घशाला कोरड पडली होती. सवयीने हात कडेला गेला, पण बाटली प्रयोगशाळेतच राहिली होती. समोर भिंतीला दवाखान्याचा नळ होता, साखळीला बांधलेला पेला होता. काका उठले. त्यांनी नळ सोडला, तीनदा पेला विसळला, भरला आणि उजेडात धरून पाहिला. मग डोळे मिटून नळाचं पाणी घटाघटा प्यायले, आणि पुन्हा पेला भरून सुनेकडे घेऊन गेले.